पडद्याआडचे दान

फराळाच्या ताटाशेजारी फासे दिसले, की आमच्या पिढीच्या माणसाच्या कपाळाला आठी पडतेच. पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, त्या दिवशी साक्षात शंकर-पार्वती द्यूत खेळायला बसली होती, हे सारे ठाऊक असूनही माझ्या आईने घरात कवड्यांपलीकडे काही येऊ दिले नव्हते. तेव्हा गेल्या वर्षी पाडव्याच्या दुपारी माझ्या थोरल्या नातवाने चटईवर एक मखमली बटवा उपडा केला आणि त्यातून सात रंगीत फासे घरंगळत माझ्या पायाशी आले, त्या वेळी मी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "पैसे लावून खेळता की काय रे?"

"नाही हो आजोबा," तो म्हणाला. "राक्षस किती जोरात मारतो, ते यानं ठरतं."

मी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. चष्मा लावून एकेक फासा उचलून पाहिला, तो काय! चार बाजूंचा, सहांचा, आठांचा, बारांचा आणि वीस बाजूंचा : युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात ज्यांचे गुणगान केले तेच ते पाच सम घन. मी ते फळ्यावर काढू लागलो, की मागच्या बाकांवर जांभया सुरू होत. आणि येथे चार पोरे त्यांच्यासाठी फराळ टाकून बसली होती. दहा बाजूंचे दोन फासे तेवढे युक्लिडच्या पंगतीतले नव्हेत. ते मी बाजूला ठेवले, तर नातवाने मुकाट्याने परत ओळीत आणून मांडले.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांच्या घरी तो अजून पोहोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण गोल करून बसतात. प्रत्येकाने आपला एक वीर कल्पिलेला असतो. एक जण सूत्रधार होतो; मुले त्याला 'डीएम' म्हणतात. गुहा, जंगल, पडका वाडा यांचे वर्णन त्याने करायचे आणि त्यांत दबा धरून बसलेल्या यच्चयावत राक्षसांचे सोंगही त्यानेच घ्यायचे. वीर म्हणतो, मी दार ढकलतो. सूत्रधार सांगतो, आत काय आहे. जेथे शंका, तेथे फासा. प्रत्येक वीराच्या अंगात धुगधुगी किती, याचा आकडा कागदावर लिहिलेला असतो, त्याला म्हणायचे 'हिट पॉइंट'. राक्षसाचा वार लागला, की त्या राक्षसाच्या नावे ठरलेले फासे टाकायचे आणि जे दान पडेल ते त्या आकड्यातून वजा करायचे.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावातून बाहेर पडला. एका खोक्यात तीन चोपड्या, आणि अशी खोकी एक हजार. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. यांपैकी गायगॅक्स आधी विम्याच्या कचेरीत जोखीम पारखण्याचे काम करीत असे. १९७० मध्ये ती नोकरी सुटल्यावर त्याने जोडे दुरुस्त करून संसाराला हातभार लावला. अशा माणसाने पुढे राक्षसांच्या नखादातांची कोष्टके बांधावीत, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. कोणाचे घर कोणत्या रात्री जळेल हे विमेवाल्याला ठाऊक नसते. तरी जळण्याचा हिशेब त्याला आधी मांडून ठेवावाच लागतो.

पहिल्या खोक्यातला हिशेब फारच भाबडा होता. काही मोजके अपवाद सोडले, तर कोणाचाही वार एका सहा बाजूंच्या फाशाचा. सुरी मारा की परशू, दान एक ते सहा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने हे मोडले. प्रत्येक शस्त्राला आणि प्रत्येक जनावराच्या पंजाला, जबड्याला, शेपटीला निराळे मोजमाप मिळाले. आणि १९७७ मध्ये 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा साडेतीनशेहून अधिक राक्षसांचा कोशच निघाला. त्यात वाराची इजा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी दिलेली असे.

आता या 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' मध्ये किती गोम आहे पाहा. समजा, कोठे लिहिले आहे तीन ते बारा. हे दान दोन तऱ्हांनी पाडता येते. चार बाजूंचे तीन फासे एकदम टाका. किंवा दहा बाजूंचा एकच टाका आणि त्यात दोन मिळवा. दोन्हींची सरासरी साडेसात, आरंभ तोच, शेवट तोच. परंतु दहाच्या फाशाने बाराचे दान दहांत एकदा पडते आणि तीन फाशांनी ते पडते चौसष्टांत एकदा. आपल्याकडे एकत्र कुटुंबांत अशी दोन वडीलधारी माणसे हमखास असत. एकाचा राग रोजचा आणि बेताचा. सुनांना त्याची वेळसुद्धा पाठ झालेली. दुसरा एखाद्या दिवशी देवमाणूस, तर एखाद्या दिवशी ताट भिरकावणारा. वर्षाच्या शेवटी दोघांच्या रागाची बेरीज मांडली तर कदाचित सारखीच भरेल. पण कोणाच्या हाताखाली नांदणे बरे, हे त्या बेरजेला विचारून कळायचे नाही.

पुढच्या काळात पुस्तके अधिक स्पष्ट झाली. २०१४ सालच्या आवृत्तीत सरासरी आणि फासे दोन्ही छापलेले असतात. गॉब्लिन म्हणून एक खुजे, कुरापतखोर पिशाच आहे. त्याच्या तलवारीपुढे लिहिले आहे '५ (१डी६ + २)', म्हणजे सहा बाजूंचा एक फासा आणि वर दोन. खरी सरासरी साडेपाच. तो अर्धा सोडून दिला आहे. वाण्याने मापानंतर चिमूटभर वर घालावे तसा हा वीराच्या पदरात टाकलेला अर्धा. त्याच्या वरचा ओगर, हा आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा सख्खा भाऊ. त्याच्या सोट्यापुढे '१३ (२डी८ + ४)'. आणि तांबड्या, पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनच्या फूत्कारापुढे '६३ (१८डी६)'. अठरा फासे! ज्याला चुकवता आले नाही त्याच्यावर ते सगळे कोसळतात.

दुपारभर मी या अठरा फाशांपाशी अडून बसलो. त्यांचे दान अठरापासून एकशे आठपर्यंत काहीही पडू शकते, असे पुस्तक म्हणते आणि ते खरेही आहे. तथापि हिशेब केला तर दहांतून सात वेळा ते छप्पन्न ते सत्तर यांच्या दरम्यानच पडते. अठराच्या अठरा फाशांवर सहा दिसण्याचा योग सुमारे एकशे एक लाख कोटींत एकदा. म्हणजे गॉब्लिनशी लढताना वीराच्या नशिबाला वाव असतो. तिनावर निभावते किंवा आठ बसतात. ड्रॅगनपुढे नशीब नुसते हजेरी लावून जाते. राक्षस जितका मोठा, तितके त्याचे करणे निश्चित. दारिद्र्य, महापूर, युद्ध यांच्या तडाख्यात सापडलेली माणसे 'नशीब' हा शब्द फार उच्चारतात. त्यांच्या बाबतीत खरोखर फासा किती आणि अठरांची बेरीज किती, असा एक विचार तेव्हा माझ्या मनात येऊन गेला.

नळाची गोष्ट वाचकांना आठवत असेल. ऋतुपर्ण राजाने धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे एक दृष्टी टाकून पानांची आणि फळांची संख्या सांगितली. नळाने रथ थांबवून मोजली, तर तंतोतंत. ते अक्षहृदय, ती फाशांची विद्या नळाला मिळाली, आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. दरवर्षी संभाव्यतेचा धडा सुरू करताना मी मुलांना ही गोष्ट सांगत असे. मोजता आले की कली निघून जातो, असे त्यावर माझे भाष्यही असे. ते भाष्य आता मी करणार नाही.

सूत्रधार आपल्यापुढे पुठ्ठ्याचा एक तिघडी पडदा उभा करतो. त्याच्या आड त्याची टिपणे असतात आणि त्याचे फासेही तेथेच पडतात. गुडघ्यांमुळे मला चटईवर बसता येत नाही. म्हणून मी नातवाच्या मागे कोचावर होतो आणि पडद्याआडचे सगळे मला दिसत होते. खेळणाऱ्यांत माझी अकरा वर्षांची धाकटी नात होती. तिच्या वीरांगनेचे नाव बिजली. चपळ, खंजीर चालवणारी, हिट पॉइंट पंधरा. अंधाऱ्या पुलावर ओगर आडवा आला. वीस बाजूंच्या फाशाने सांगितले, वार लागला. नातवाने आठ बाजूंचे दोन फासे टाकले. एकावर आठ, दुसऱ्यावर पाच. त्यात चार मिळवून झाले सतरा.

त्याने फाशांकडे पाहिले, मग पडद्यावरून बहिणीकडे पाहिले. ती उशी छातीशी कवटाळून बसली होती. तो म्हणाला, "तेरा."

दोन उरले. पुढच्या पाळीला बिजली ओगरच्या दोन पायांमधून सरपटत मागे गेली, खंजिराचे दान उत्तम पडले आणि ओगर पुलावरून खाली कोसळला. त्या वेळी जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वहिनी काय झाले म्हणून दाराशी आल्या. भाऊबीजेपर्यंत आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक झाले होते, की दोनच पॉइंट उरले असताना बिजलीने राक्षस मारला.

सतरा म्हटले असते तरी ती लगेच मेली नसती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आजच्या नियमांत पॉइंट शून्यावर आले की वीर बेशुद्ध पडतो. मग दर पाळीला वीसचा फासा टाकायचा, तीनदा दहा किंवा वर पडले तर जीव तगतो, तीनदा खाली पडले तर जातो. मध्येच सोबत्यांनी येऊन सावरले तर प्रश्न मिटतो. भावाने तिला वाचवले ते मरणापासून नव्हे, पडण्यापासून.

रात्री मी त्याला गाठले. तो जराही ओशाळला नाही. "आजोबा, पुस्तकातच लिहिलंय, फासे टाकायचे नसले तर सरळ सरासरी धरा. ओगरची सरासरी तेरा. मी तेरा धरले."

वकील व्हायच्या लायकीचे उत्तर आहे. त्याचे तेरा नियमातलेच होते. फासे हातात घेण्यापूर्वी त्याने ते उच्चारले असते, तर कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. दान पडल्यावर आणि पाहिल्यावर तेच तेरा खोटे झाले. आकडा तोच, ओगर तोच, पुस्तकही तेच. मध्ये फक्त त्याची एक नजर गेली.

आणि सरासरी तरी दिसते तितकी गरीब कोठे आहे? नेहमी तेराच धरायचे ठरवले, तर पंधरा पॉइंटांची बिजली ओगरच्या पहिल्या वाराने कधीच पडणार नाही. फासे टाकले, तर चौसष्टांपैकी एकवीस वेळा, म्हणजे जवळजवळ तिघींतली एक, ती पडते. त्या तिसरीला सरासरी ओळखतच नाही. उलट ज्याचे बाराच पॉइंट उरले आहेत त्याला सरासरी हटकून पाडते. फासे मात्र त्यालाही तितक्याच वेळा, चौसष्टांत एकवीसदा, उभा ठेवतात. सरासरीच्या राज्यात पंधरावाल्यांना अभय आणि बारावाल्यांना फाशी. फाशांच्या राज्यात दोघांनाही धाकधूक आणि दोघांनाही आशा. यांपैकी न्याय कोणता, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. माझा कल फाशांकडे आहे एवढेच.

पण फासा हा काही धर्मराजाचा दूत नव्हे. एरवी एखादा वीर मेला की आमचा सूत्रधार खुशाल म्हणतो, "मी नाही मारलं, फाशानं मारलं." अरे, पण ओगरला पुलावर कोणी आणून उभे केले? फासा किती ते ठरवतो. कोण आणि कोणापुढे, हे त्याला कोणी विचारत नाही. ही पळवाट जुनी आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला, त्यात किती सैनिक पडले हे फासे सांगत. पंचाने पक्षपात केला असे कोणी म्हणू नये. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके दूर सारली आणि म्हटले, अनुभवी पंचच काय ते सांगेल. एकाने निर्णय फाशाला दिला, दुसऱ्याने तो आपल्या नावावर घेतला. दोन्ही वाटा सरळ आहेत. आमच्या नातवाने निर्णय स्वतः घेतला आणि त्याला फाशाचा अंगरखा घालून बाहेर पाठवले.

गायगॅक्सला हा पेच ठाऊक होता. १९७९ च्या आपल्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात त्याने एक तोड सुचवली आहे : नीट खेळणारा माणूस निव्वळ दुर्दैवाने मरत असेल, तर मरणाऐवजी त्याला बेशुद्ध पाडा, त्याचा एखादा अवयव जाऊ द्या, एक डोळा जाऊ द्या. मला ही दया पटते. तिच्यात काहीतरी द्यावे लागते. २०१४ चे पुस्तक म्हणते, पडद्याआड दान बदलायला हरकत नाही, मात्र वारंवार बदलू नका आणि कोणाला कळू देऊ नका. आपल्या भाषेत फाशांच्या पडण्यालाही दान म्हणतात आणि देण्यालाही दानच. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हा नियम दुसऱ्या दानाचा. तो पहिल्याला लावला, की त्याचे नाव शकुनी होते.

एवढे सगळे मी नातवाला सुनावणार होतो, सुनावले नाही. कारण मीही एक पडदा वापरलेला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलाला वार्षिक परीक्षेत माझ्या विषयात एकतीस गुण पडले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस हवे होते. कृपागुणांचा नियम होता, पण त्यात तो बसत नव्हता. मी त्याचा पेपर पुन्हा उघडला आणि जेथे चार गुण नव्हते तेथे ते शोधून काढले. बऱ्याच काळाने एसटीच्या थांब्यावर एक गृहस्थ वाकून पाया पडले आणि म्हणाले, "सर, तुमच्या गणितात पास झालो आणि वाटलं, आपल्यालाही जमतं." मी काही बोललो नाही. ते चार गुण परत घ्यावेत असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. मग बिजलीच्या चार पॉइंटांनीच माझ्या घशात का अडकावे?

मे महिन्याच्या सुटीत धाकटीने सूत्रधार होण्याचे मनावर घेतले आणि राक्षसांचे पुस्तक वाचायला काढले. एके दिवशी दुपारी ती ते उघडे पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. तिचे बोट ओगरच्या पानावर होते. "आजोबा, दादा सगळ्यांचे फासे टाकत होता. मग मला नेमका तेराचाच फटका कसा बसला? दादा सांगत नाही. तुम्ही तर त्याच्या मागंच बसला होतात."

मी तिला वही आणायला सांगितली. आठ बाय आठचे कोष्टक आखून घेतले. दोन फाशांच्या चौसष्ट जोड्यांत नऊ ही बेरीज आठ वेळा येते, म्हणजे सर्वांत जास्त वेळा. नऊ आणि चार तेरा. म्हणून ओगरचा वार तेराचा बसणे यात नवल काहीच नाही. उलट कोणताही दुसरा आकडा त्याहून दुर्मिळच. तिने स्वतः घरे मोजली, पुन्हा मोजली, आणि समाधानाने वही मिटून गेली. मी एकही वाक्य चुकीचे बोललो नव्हतो. आयुष्यात इतका स्वच्छ धडा मी क्वचितच शिकवला असेन.

यंदा गणपतीत ती पहिल्यांदा सूत्रधार झाली. पडदा तिने घेतलाच नाही. मोदकांचे स्टीलचे ताट रिकामे झाले होते, त्यात ती सर्वांदेखत फासे टाकत होती. खणखण आवाज माजघरापर्यंत येई. ओगर तिनेही आणला होता. भावाच्या वीराचे बारा पॉइंट उरले होते. ताटात सात आणि पाच पडले. चार मिळवून सोळा. वीर बेशुद्ध झाला. सोबती नदीच्या पलीकडे अडकलेले. वीसच्या फाशाची तीन दाने त्याने स्वतः टाकली : चार, नऊ, दोन. सोळा वर्षांचा मुलगा; काही बोलला नाही, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पाणी प्यायला उठला.

आरतीनंतर धाकटी माझ्या खोलीत आली. पंख्याचे बटण उगीच चालू-बंद करीत उभी राहिली.

"आजोबा, मी अकरा म्हणायला हवं होतं का?"

मी तिला जवळ बसवले. म्हणालो, "त्या दिवशी पुलावर आठ आणि पाच पडले होते."

तिने ओठांतल्या ओठांत बेरीज केली.

"म्हणजे सतरा," ती म्हणाली.